पेंढ्यावर वाढलेलं पोट

पनवेलहून उरणकडे निघालं की जासई गाठेपर्यंत दोन्ही बाजूंना कंटेनर यार्डं आणि ट्रेलरच्या रांगा लागतात. जानेवारी 2024 पासून अटल सेतूची वाहनंही इथून जवळच, चिर्ल्यापाशी, जमिनीला लागतात. या सगळ्या धुळीतून चार-दोन गावठी गुरं चाललेली असतात. दुभाजकावरचं गवत ओरबाडतात, हॉटेलांच्या मागच्या बाजूला घुटमळतात, लग्नाच्या मांडवामागे रेंगाळतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी यांच्या पणज्या चरत होत्या ती जमीन भाताची होती. खाडीचं पाणी बांध घालून थोपवलेली खारजमीन, पावसाळ्यात एकच पीक आणि मळणीनंतर दारात पेंढ्याची उडवी.

ती जमीन कशी गेली हे रायगडात कुणाला सांगायला नको. 1970 मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई आणि दास्तान फाट्यावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं सूत्र याच लढ्यातून पुढे आलं. दि. बा. स्वतः जासईचे. मे 1989 मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. मोबदला, भूखंड, नोकऱ्या यांवर खूप बोललं गेलं, अजून बोललं जातं आणि ते बोलायलाच हवं. पेंढ्याकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. शेती गेल्यावर तांदूळ दुकानातून आणता आला, रेशनवर मिळाला. गोठ्यातल्या जनावराचा पेंढा कुठल्याही दुकानात नव्हता.

पेंढ्याला चारा म्हणून कुणी मोठा मान देत नाही आणि पोषणाच्या हिशेबात तो मान त्याला नाहीच. प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, सिलिका भरपूर आणि वर कॅल्शियम अडवून धरणारी ऑक्झलेटं. नुसत्या पेंढ्यावर गाय दूध देत नाही. पण पेंढ्याचा एक गुण खुराकाच्या कोणत्याही गोणीत नसतो: तो लांब असतो आणि चावावा लागतो. गाय दिवसाचे सहा-आठ तास रवंथ करते. त्या चावण्यातून लाळ सुटते. मोठ्या दुधाळ गायीला दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ सुटते आणि या लाळेत बायकार्बोनेट असतं, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या खाण्याच्या सोड्याचंच द्रव्य. हिशेब केला तर रोज किलोपेक्षा जास्त सोडा गाय स्वतःच बनवते आणि गिळते. पेंढा कमी झाला की रवंथ कमी होतो आणि त्याबरोबर हा सोडाही. पुढे काय होतं ते मी पाहिलं ते एका हळदीच्या दुसऱ्या दिवशी.

आगरी लग्नातली हळद म्हणजे गावजेवण. पातेली मोठी, माणसं मोजलेली नसतात आणि भात कमी पडला तर तो घराण्याचा कमीपणा, म्हणून भात नेहमी उरतोच. अन्न टाकायचं नाही, मुक्या जिवाला घालायचं, ही भावना चांगलीच आहे. त्या रात्री उरलेलं पातेलं मांडवामागे गायीपुढे रिकामं केलं गेलं. सकाळी गाय उठेना. घरातल्या काकू डॉक्टरांना सांगत होत्या, "पहाटपासना बसलीय, रवंथ नाय, पानी पन किती पिली."

डॉक्टरांनी आधी काही टोचलं नाही. गायीच्या डाव्या भकाळीत, बरगड्या संपून कमरेचं हाड सुरू होतं त्या खोलगट जागी, मूठ दाबून ते गप्प उभे राहिले. निरोगी जनावराच्या पोटाची लाट दर मिनिटाला एक-दोनदा मुठीला वर ढकलते. लाट आलीच नाही. मग त्यांनी पोट बाजूने हलवलं, तर आत पाणी डचमळल्याचा आवाज आला. डोळे खोल गेलेले. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती सावकाश खाली बसली. शेण करडं, पातळ, फेसाळ, त्यात भाताची शितं जशीच्या तशी आणि वास आंबट. तोंडातून नळी घालून पोटातलं थोडं पाणी काढलं. ते ताकासारखं पांढुरकं होतं. रंग बदलणाऱ्या कागदाची पट्टी त्यात बुडवून डॉक्टरांनी ती डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिली आणि आम्हाला दाखवली. सामू, म्हणजे पीएच, पाचाच्या खाली गेला होता. चांगल्या पोटात तो सहा ते सातच्या दरम्यान असतो. एक-दीड अंकाचा फरक कागदावर लहान वाटतो, पण सामूच्या मोजपट्टीत एक अंक खाली म्हणजे आम्लता दहापट आणि दोन अंक म्हणजे शंभरपट.

काकूंनी विचारलेला प्रश्न मला फार योग्य वाटला. "आमी रोज भातच खातो. हिलाच कसा बाधला?"

आपण भात खातो तेव्हा तो आधी आपल्या जठरातल्या आम्लात जातो, मग लहान आतड्यात त्याची साखर होते आणि रक्तात शोषली जाते. जंतूंचा मोठा वस्तीपसारा आपल्याकडे शेवटी, मोठ्या आतड्यात. गायीचा क्रम उलटा. तिचं अन्न सर्वांत आधी जंतूंपुढे जातं. चार कप्प्यांतला पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. मोठ्या गायीत त्यात शंभर ते दोनशे लिटर ऐवज मावतो, तापमान 39 अंशांच्या आसपास, प्राणवायू जवळपास नाही. त्या द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात किंवा त्याहून जास्त जिवाणू असतात. त्यांच्या सोबत लाखांच्या हिशेबात आदिजीव. हे आदिजीव 1843 मध्ये ग्रुबी आणि देलाफों या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिले. गवताच्या धाग्यातलं सेल्युलोज फोडायचं द्रव्य गायीच्या अंगात नसतंच, ते या जिवाणूंकडे असतं. ते धागा फोडतात आणि ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही हलकी आम्लं सोडतात. ही आम्लं कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात आणि गायीची सत्तर टक्क्यांच्या आसपास ऊर्जा त्यांतूनच येते. गाय गवतावर जगते असं आपण म्हणतो, पण ती जगते जिवाणूंनी गवताच्या केलेल्या आम्लांवर. शेवटी ते जिवाणूही पुढच्या कप्प्यांत वाहून जातात आणि तिची प्रथिनं होतात.

म्हणजे आम्ल हे त्या पोटाचं रोजचंच उत्पादन आहे. प्रश्न आम्ल असण्याचा नाही, त्याच्या वेगाचा आणि जातीचा आहे. पेंढा हळूहळू फुटतो, आम्ल हळूहळू होतं, भिंत ते शोषते, लाळ ते निवळवते. शिजलेल्या भातात स्टार्च फुगून मोकळा झालेला असतो, तो फोडायला जिवाणूंना काही कष्टच नाहीत. दळलेल्या पिठाचं आणि शिळ्या पोळ्यांचंही तसंच. अख्खा दाणा त्यामानाने सावकाश फुटतो, म्हणून त्याचा धोका थोडा उशिरा येतो, टळत मात्र नाही.

मोकळ्या स्टार्चवर ताव मारणारा एक जिवाणू प्रत्येक गायीच्या पोटात थोड्या संख्येने असतोच, स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस. गवताच्या दिवसांत त्याला फारसं काही मिळत नाही. भाताचं पातेलं उतरलं की तो वीसेक मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. चार तासांत एकाचे चार हजार. सामू खाली येऊ लागला की तो हलकी आम्लं सोडून लॅक्टिक आम्ल बनवायला लागतो आणि हे आम्ल त्या हलक्या आम्लांच्या जवळपास दहापट तीव्र. एरवी मेगास्फेरा एल्सडेनाय नावाचा जिवाणू लॅक्टिक आम्ल खाऊन संपवतो, पण त्याची वस्ती वाढायला वेळ लागतो आणि एका रात्रीत तो वेळ मिळत नाही. सामू सहाच्या खाली गेला की धागा फोडणारे जिवाणू काम थांबवतात. पाचाच्या आसपास आदिजीव मरतात. हे आदिजीव स्टार्चचे कण गिळून त्यांचं विघटन लांबवत असतात, तेच गेल्यावर उरलासुरला अडसरही जातो. याहून खाली स्ट्रेप्टोकॉकसलाही ते सोसवत नाही आणि आम्लातच वाढणारे लॅक्टोबॅसिलस ताबा घेतात. आंबवायला ठेवलेलं पीठ उन्हात विसरावं तसं होतं, फक्त ते भांडं जिवंत जनावराच्या आत आहे.

इतकं आम्ल आणि साखर साठली की कोठीपोट रक्तातलं पाणी आत ओढून घेतं. म्हणून पोट डचमळत होतं आणि डोळे मात्र खोल गेले होते. गायीचं पाणी तिच्याच पोटात अडकलं होतं. आम्ल रक्तात उतरलं की जनावर झोकांड्या खातं, दात खातं, मान मागे वळवून पडून राहतं. वेळेत इलाज झाला नाही तर एक-दोन दिवसांत दगावतं. वाचलं तरी आजार मागे खुणा ठेवून जातो. भाजलेल्या भिंतीतून जंतू यकृताकडे जातात आणि तिथे गळवं होतात, खुरांच्या आतला रक्तपुरवठा बिघडतो.

डॉक्टरांनी नळीतून कोमट पाणी घालून पोट परतपरत धुतलं, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड दिलं, शिरेतून सलाइन आणि सोड्याचं इंजेक्शन लावलं, बी-1 जीवनसत्त्व दिलं. कारण तेही पोटातले जिवाणूच बनवतात आणि अशा वेळी ते तुटतं. अजून उशीर झाला असता तर भकाळीत छेद देऊन पोट हाताने रिकामं करावं लागलं असतं. नंतर शेजारच्या गोठ्यातल्या निरोगी गायीच्या पोटातलं पाणी नळीने काढून या गायीला पाजायचं ठरलं. धुतलेल्या पोटात नवी वस्ती हवी, ती औषधाच्या दुकानात मिळत नाही. युरोपातले शेतकरी फार पूर्वीपासून निरोगी गायीच्या तोंडातला रवंथाचा घास काढून आजारी गायीला भरवत आले आहेत. सूक्ष्मदर्शकाची गरज न पडता त्यांना हे कळलं होतं, याचं मला फार मोल वाटतं. गाय वाचली. दूध मात्र त्या वेताला परत आलं नाही आणि पावसाळाभर ती मागचा पाय जपत चालत होती.

मेंढ्यांवर प्रयोग करून या बिघाडातली जिवाणूंची उलथापालथ पहिल्यांदा नीट मांडली ती अमेरिकेत रॉबर्ट हंगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 1952 मध्ये. त्यानंतरची सत्तर वर्षं शास्त्रज्ञ मुख्यतः एकाच गोष्टीचा तपशील भरत आले आहेत: खाद्य बदललं की वस्ती बदलते आणि वस्ती बदलायला वेळ लागतो. नव्या खाद्याला जिवाणू रुळायला दोन-तीन आठवडे लागतात. आम्ल शोषणारी कोठीपोटाची भिंत, तिच्यावरचे मखमलीसारखे उंचवटे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. भात एका रात्रीत वाढला, पेंढा एका पिढीत गेला आणि पोट मात्र आपल्याच चालीने चालतं.

पेंढ्याला पर्याय म्हणून गावागावांत जे आलं ते मला काळजीचं वाटतं. रेशनचा जाड तांदूळ शिजवून, त्यात कणी आणि शिळ्या भाकऱ्या घालून आंबोण केलं जातं. आंबोण पूर्वीही होतं, पण ते मूठभर कोंडा, तांदळाचं धुवण आणि उरलंसुरलं असं, पेंढ्याच्या भाऱ्यावर तोंडी लावायला. आता आंबोण जेवण झालं आणि पेंढा तोंडी लावणं झालं. गुरं विकत घेतलेल्या पेंढ्यावर ठेवणं परवडत नाही आणि भात तर घरात आहेच, हा हिशेब घरच्या बाईने केला तर तिची काय चूक? चूक त्या नकाशाची आहे ज्यात भातखाचराची किंमत फक्त दाण्याने मोजली.

जोरात येणारा आजार निदान दिसतो. हळूहळू येणारा दिसत नाही. मुंबईच्या म्हशींच्या तबेल्यांत, 1949 मध्ये उभी राहिलेली आरे वसाहत धरून, गवत बाहेरूनच यायचं. ठाणे आणि जुन्या कुलाबा जिल्ह्यातलं गवत आणि पेंढा तिथे जात असे. जागा महाग, वैरण आणायची महाग, तेव्हा दूध वाढवायचं ते चुणी, पेंड, भरड्याच्या जोरावर. आज पश्चिम महाराष्ट्रातल्या संकरित गायींच्या गोठ्यांतही हेच चालतं. अशा पोटाचा सामू रोज काही तास साडेपाचाच्या आसपास उतरतो आणि परत चढतो. गाय खाते, उभी असते, कुणी डॉक्टरला बोलावत नाही. फक्त डेअरीच्या पावतीवर फॅट घसरतो. गायीच्या दुधाचा आधार 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ, फॅट त्याखाली गेला की दर कापला जातो आणि शेतकरी मशीनवर संशय घेतो. खरं कारण बहुधा गव्हाणीत असतं. दुधातल्या फॅटचा कच्चा माल म्हणजे ॲसिटिक आम्ल आणि ते मुख्यतः धागा फोडणारे जिवाणू बनवतात. शिवाय आंबट पोटात काही जिवाणू अशी स्निग्धाम्लं तयार करतात की कासेतली फॅट बनण्याची क्रियाच मंदावते. पावती हे त्या पोटाचं रोजचं निदान आहे, फक्त ते वाचायला कुणी शिकवलेलं नाही.

2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळांत चारा छावण्यांमध्ये ऊस हाच चारा झाला. उसात धागा आहे, पण साखरही आहे आणि कडब्यावरून एकदम उसावर आणलेल्या गुरांत अपचन, हगवण दिसणं अगदी स्वाभाविक होतं. घाटावर पोळ्याला बैलाला पुरणपोळ्या भरवतात. सणाच्या दुसऱ्या दिवशी पोटाच्या तक्रारी घेऊन बैल येतात, हे पशुवैद्यक दर वर्षी सांगतात. इकडे कोकणात मृगाचा पाऊस पडून कोवळं गवत आलं की गुरांना पातळ शेण होतं. तिथे कारण आम्लाचंच असेल असं नाही, पण सुक्यावरून ओल्यावर एकदम जाण्याचा धक्का तोच. जुने गुराखी पहिले काही दिवस गुरं थोडा वेळ चरवून परत आणत आणि गोठ्यात आधी पेंढा टाकत.

या गोष्टीचं दुसरं टोक थेट माणसाच्या पोटाशी येतं. स्टार्च फार झाला की काही भाग कोठीपोटातून निसटून मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथेही आंबतो. कॉर्नेलमध्ये काम करणाऱ्या जेम्स रसेल यांच्या गटाने 1998 मध्ये सायन्स या नियतकालिकात दाखवलं, की मुख्यतः धान्यावर ठेवलेल्या गुरांच्या मोठ्या आतड्याचा सामू उतरतो आणि तिथले ई-कोलाय जिवाणू आम्लाला सरावतात. असे आम्ल सोसणारे ई-कोलाय वाळलं गवत खाणाऱ्या गुरांपेक्षा त्यांच्यात दहा लाख पटींनी जास्त आढळले. आपल्या जठरातलं आम्ल हा जंतूंविरुद्धचा पहिला बांध. गायीच्या आतड्यात सराव झालेला जंतू तो बांध सहज ओलांडू शकतो. थोडे दिवस नुसतं गवत दिलं की ही संख्या भराभर उतरते, असंही त्यात होतं. माणसाला गंभीर आजारी करणाऱ्या ओ-157 या जातीबाबत पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. आपल्याकडे हजारो गुरं मुख्यतः मक्यावर पोसणारे अमेरिकेसारखे गोठे नाहीत, दूध आपण उकळून पितो. पण गोठा घराला लागून असतो, शेणाचा हात रोजचा असतो, तेव्हा गायीच्या पोटातलं आंबटपण हा फक्त गायीचा प्रश्न नाही.

जासईच्या परिसरात भातशेती परत येईल असं मी म्हणत नाही. पण पेंढा अजून संपलेला नाही. पनवेल, पेण, कर्जतच्या उरलेल्या खाचरांत दर हंगामात जेवढं भात होतं, साधारण तेवढा किंवा थोडा जास्त पेंढाही होतो आणि यंत्राने कापणी झाली की तो बऱ्याचदा शेतातच राहतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 हे भाताचे वाण दिले; त्यांच्या दाण्याइतकंच त्यांच्या पेंढ्याकडेही या भागाच्या गोठ्यांच्या नजरेने पाहायला हवं. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडला आणि तो हवाबंद करून तीन आठवडे ठेवला, तर त्यातली प्रथिनं वाढतात, धागा मऊ होतो. प्रमाण मोजूनच घ्यायचं, कारण युरिया जास्त झाला तर तोच विष. ग्रामपंचायतीने गाठी बांधून पेंढा एकत्र आणला आणि गुरं असलेल्या घरांना वाजवी दरात दिला, तर हा खर्च गावाच्या एका मांडवाच्या खर्चापुढे काहीच नाही.

दिवाळीच्या पाडव्याला, बलिप्रतिपदेला, ठाणे-पालघर-रायगडच्या काही गावांत अजून गुरांना रंगवून, सजवून पेटत्या पेंढ्यावरून उडवतात. त्या दिवशी गोडधोडाचा घास प्रत्येक घरातून येतो. गाय एक, घरं वीस. घास द्यावा, पण सकाळी आधी पोटभर सुका पेंढा टाकून आणि घास एका पोळीच्या वर जाऊ नये. लग्नाचा उरलेला भात एका गायीपुढे ओतू नये. वाटून, प्रत्येकी ओंजळभर, पेंढ्यात मिसळून द्यावा. खुराक वाढवायचाच तर दोन-तीन आठवड्यांत थोडाथोडा आणि दिवसाचा वाटा दोन-तीन वेळांत विभागून. दुभत्या जनावराच्या खुराकात शंभर किलोला किलो-दीड किलो खाण्याचा सोडा मिसळतात, त्याचा उपयोग होतो, पण तो पेंढ्याची जागा घेत नाही.

आणि गाय भाताच्या पातेल्यापाशी सापडलीच, तर आजार दिसायची वाट न पाहता डॉक्टरला फोन करावा. तोवर खाद्य समोरून काढावं, नुसता सुका पेंढा ठेवावा, पहिले काही तास भरपूर पाणी पिऊ देऊ नये आणि ती उभी राहत असेल तर हळूहळू चालवावी. तेल पाजल्याने आम्ल निवळत नाही. झोकांड्या खाणाऱ्या जनावराला बाटलीने काहीही पाजलं तर ते फुप्फुसात जायची भीती असते. किती वाजता, काय आणि किती खाल्लं, हे डॉक्टरला नीट सांगावं. भात शिजलेला होता की कच्चा, हेही.